'सांगत्ये ऐका' : कुणी सांगितले, कुणी ऐकले?

हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' मी नाशिकच्या एका महाविद्यालयात पदवीच्या वर्गाला शिकवतो. १९७० साली ते पुस्तकरूपाने आले. तेव्हापासून पांढरपेशा समीक्षेला त्यात बाईचा धीटपणा दिसला आणि बाईची दारू दिसली. श्याम बेनेगलांनी १९७७ साली त्याच्या आधाराने 'भूमिका' काढला. स्मिता पाटीलने तो तोलून धरला. पण हंसाबाईंच्या घराण्याकडे कुणी नीट पाहिले नाही. त्या कलावंतिणींच्या घराण्यातल्या. जन्मनाव रतन साळगावकर. १९३६ साली, तेराव्या वर्षी, पडद्यावर आल्या त्या हंसा वाडकर होऊन.

नाव बदलून बाई सुटते का? हंसाबाई सुटल्या नाहीत. साधा संसार मागत राहिल्या, आणि घर त्यांच्या कमाईवर चालत राहिले. मात्र एक गोष्ट पदरात पडली. १९४७च्या 'लोकशाहीर रामजोशी'त त्यांनी बया उभी केली, १९५९च्या 'सांगत्ये ऐका'त चिमा. हा दुसरा चित्रपट पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. तमासगिरीण रंगवूनही त्या 'अभिनेत्री'च राहिल्या.

आणि ज्यांचे आयुष्यच फडावर गेले, त्या बाया? आपल्या शेजारच्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा महाराघरची. पठ्ठे बापूरावांच्या फडाला गर्दी लोटे ती तिच्यासाठीही. आज बापूराव शाहीर म्हणून अभ्यासले जातात. पवळा त्यांच्या चरित्रापुरती. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या तर नावातच जात होती. राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरव झाला, तरी शेवटची वर्षे हलाखीत गेली. २००२ साली त्या वारल्या.

हे प्रस्थापितांचे झाले. आपले काय? महाडच्या सत्याग्रहासाठी १९२७ साली बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे पैसे देऊ केले. महार बायांना नाचवून मिळवलेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला. तो नकार योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण नकार पैशाला होता. आपण तो बायांनाच लावला. आपल्या आत्मकथनांत भूक आली, गावकुस आले, फडावरची बाई क्वचितच आली. किशोर शांताबाई काळ्यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४चे. मोठे पुस्तक, पण तेही मुलाने सांगितलेले.

माझ्या आजीची चुलतबहीण फडात नाचायची. मी घरातला पहिला पदवीधर. मलाही हे नोकरी लागल्यावर कळले. गेल्या दिवाळीत आजीला तिचे नाव विचारले.

"तुला कशाला रं पायजे?" आजी म्हणाली. दुसऱ्या दिवशी वाती वळता वळता तिने ते सांगितले, आणि वर बजावले, "लिहू नको कुठं."

म्हणून इथे लिहिलेले नाही.