मोती साबण आणि मळीचा वास

इंजिनिअरिंगला पुण्यात हॉस्टेलवर गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात रूममेटनं विचारलं, "तुझ्या बॅगेला कसला वास येतोय रे?" मला काहीच येत नव्हता. वडील साखर कारखान्यात, आम्ही कारखान्याच्या कॉलनीत. गळीत हंगाम सुरू झाला की उकळत्या रसाचा गोडसर, मळीचा आंबूस आणि बॉयलरच्या धुराचा वास भिंतींपासून गोधड्यांपर्यंत सगळीकडे मुरायचा. त्या संध्याकाळी मी आयुष्यातला पहिला डिओ विकत घेतला.

त्यामुळे परफ्यूमच्या जाहिराती मी जरा मनाला लावून बघतो.

त्यांची मूळ अडचण कळते. वास स्क्रीनवरून येत नाही. मग वाळवंट दाखवा, घोडा दाखवा, ओलेता पुरुष दाखवा. आपल्याकडे तर बराच काळ डिओ मारला की बायका धावत येतात, एवढंच दाखवलं गेलं. 2022 मध्ये 'लेअर शॉट'च्या जाहिरातींनी सामूहिक बलात्काराच्या भीतीवरच विनोद केला आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाला त्या काढायला लावाव्या लागल्या. त्याबद्दल जास्त लिहायला नको, तो कचराच होता.

मला जास्त खटकते ती सभ्य जाहिरात. बाटलीखालचा मजकूर वाचा: वर बर्गामोट, मध्ये लॅव्हेंडर, तळाला सीडरवूड. नगर जिल्ह्यात वाढलेल्या पोरानं बर्गामोट कधी हुंगलाय? आपल्याकडे वासाला शब्द कमी आहेत का? खमंग, खरपूस, करपट, कुबट, खवट, आंबूस, उग्र, ओशट. यातला एकेक शब्द थेट एखाद्या स्वयंपाकघरात, गोठ्यात, माळ्यावर नेऊन सोडतो. 'फ्रेश' आणि 'वुडी' कुठंच नेत नाहीत. दुसऱ्या कुणाची तरी आठवण आपल्याला विकायला काढलेली असते.

मोती साबणाची जाहिरात मात्र वेगळी आहे, आणि म्हणून जास्त धोकादायक. ती तुमचीच आठवण तुम्हाला विकते. मोती मूळचा टाटा ऑइल मिल्सचा. 1993 मध्ये ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली. एरवी वर्षभर हा जाडजूड गोल साबण कुणाला आठवत नाही. जाहिरातीत एक काका पहाटे दारं ठोठावत लोकांना उठवतात. भर वासावर नाहीच, उठण्यावर आहे. थंडी, अंधार, उटणं, बाहेर फटाका वाजल्यावर उडणारी घाई हे सगळं आपण आपल्या पदरचं घालतो. कंपनीला फक्त साबण द्यायचा असतो. जाहिरात म्हणून ही मला मराठीतल्या सगळ्यात हुशार जाहिरातींपैकी वाटते.

किती हुशार, ते मला दोन दिवाळ्यांपूर्वी कळलं. चंदनाचा मोती नाकाशी धरून मी आईला म्हणालो, "हा वास आला की मी पाच वर्षांचा होतो." ती चकल्या तळत होती. म्हणाली, "तू पाच वर्षांचा होतास तेव्हा मोती कुठला? घरात असेल तो साबण. तू दहावीत असताना धाकटीनं टीव्हीवर बघून हट्ट धरला, तेव्हापासून आणतो."

मला ती पाच वर्षांची सकाळ स्पष्ट दिसते. पाट, तांब्या, पाठीला चोळताना खरखरीत लागणारा आईचा हात. आणि तो वास. तोच नेमका नंतर चिकटवलेला निघाला. वासाची वाट मेंदूत भावना आणि स्मृतीच्या भागांपर्यंत फारच जवळून जाते असं सांगतात, म्हणून त्यावर आपण डोळे झाकून विश्वास ठेवतो. ज्याला विकायचंय त्याला यापेक्षा मोकळं दार कुठलं मिळणार?

म्हणजे विकत घेतलेला प्रत्येक वास खोटा, असं मात्र मला म्हणायचं नाही. कन्नौजमध्ये भाजलेल्या मातीच्या चकत्या डेगमध्ये उकळून त्यांची वाफ चंदनाच्या तेलात धरतात. ते मिट्टी अत्तर. 1964 मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रिकोर' हे नाव दिलं, त्या लेखातही या अत्तराचा उल्लेख आहे. मी एक छोटी कुपी मागवली. वास अगदी बरोबर होता. फक्त आमच्याकडे जूनमध्ये तो वास आला की वडील आधी आभाळाकडे बघायचे आणि मग पाऊस किती पडेल, ऊस किती येईल, हंगाम किती दिवस चालेल याचा हिशेब करायचे. कुपीत तो हिशेब नव्हता.

पहिल्या पगारातून वडिलांना एक महागडा परफ्यूम दिला होता. तो अजून कपाटात खोक्यासकट आहे. आता ते निवृत्त झालेत, कॉलनी सुटली, त्यांच्या शर्टाला साध्या वॉशिंग पावडरचा वास येतो. मागच्या डिसेंबरात बाइकवरून मनमाड रोडनं येत होतो. राहुरी सोडल्यावर कोल्हारच्या अलीकडे वारा फिरला आणि मळीचा वास आला. मी हेल्मेटची काच वर केली. शेजारून जाणाऱ्या कारवाल्यानं त्याच वेळी काच बंद केली.