बूथमध्ये एकटा पडलेला संबळ

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीकडे, चांगल्या पावसाच्या वर्षी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या ओल्या हवेत संबळाचं कातडं सैलावतं, आवाज खाली येतो. तोच संबळ वातानुकूलित स्टुडिओत नेला की कातडं कोरडं पडतं, ताणतं आणि बघता बघता सूर चढतो. मग पहिला टेक पाचव्याला जुळत नाही. रेकॉर्डिस्ट घड्याळाकडे बघतो, ‘राहू द्या, सॅम्पल लावू’ म्हणतो, आणि कीबोर्डमधला तयार संबळ गाण्यात जातो. मराठी लोकसंगीताच्या आजच्या ध्वनिमुद्रणाची अवस्था कळायला एवढंही पुरे.

साधनं नाहीत, हे रडगाणं आता चालणार नाही. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि भिंतींना फोम एवढं सगळं एका खोलीत मावतं. तालुक्याच्या गावात गाणं तयार होऊन त्याच रात्री यूट्यूबवर चढू शकतं. 1980च्या दशकात कॅसेटने असाच दरवाजा उघडला होता. तोवर रेकॉर्ड काढणं म्हणजे एचएमव्हीसारख्या बड्या कंपनीची मर्जी. कॅसेट स्वस्त झाली, छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि प्रल्हाद शिंदे, पाठोपाठ आनंद-मिलिंद शिंदे यांचे आवाज एसटी स्टँडवरच्या टपरीपर्यंत पोचले. त्या काळी ट्रॅक मोजके असत, त्यामुळे वादकांना बऱ्याचदा एकत्र बसूनच वाजवावं लागे.

अडचण सुरू होते ती ट्रॅक हवे तेवढे मिळाल्यावर.

आजची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. आधी संगणकावर ठेका आणि क्लिक, म्हणजे कानात वाजणारी ठरावीक गतीची टिकटिक, त्यावर कीबोर्ड, मग गायकाचं डबिंग. ढोलकीवाला वेगळ्या दिवशी येतो, कानाला हेडफोन लावून बूथमध्ये एकटा वाजवतो आणि पाकीट घेऊन जातो. चुकलं तर तेवढाच तुकडा पंच करायचा. आवाज स्वच्छ मिळतो, खर्च आटोक्यात राहतो, एकाच्या चुकीपायी दहा जणांना पुन्हा वाजवावं लागत नाही. हे फायदे खरेच आहेत. पण ढोलकी ही क्लिकच्या मागे चालणारी चीजच नव्हे. तमाशात ती नाचणारीच्या पायाकडे बघून बोलते. हलगी तिला डिवचते, झीलकरी गाणाऱ्याचा शब्द वरच्यावर झेलतात. अकोल्याला लागून असलेल्या संगमनेरात कांताबाई सातारकरांच्या फडाची परंपरा आहे. तमाशाची लय रंगात आल्यावर कशी हळूहळू चढते, हे या भागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. क्लिक ती चढण कापून टाकतो. अकोले, इगतपुरी, जव्हार-मोखाडा या पट्ट्यातल्या बोहाड्याचंही तेच. मुखवटा चढवलेलं सोंग नाचत येतं, वाद्यं त्याच्या पावलांवर धावतात. सोंगच समोर नसेल तर संबळवाल्याने कोणाकडे बघून वाजवायचं?

यात एक विसंगती आहे आणि ती खटकते. 2016 साली आलेल्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद अमेरिकेत, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीचा हा जुना हॉल. 1939च्या ‘विझर्ड ऑफ ऑझ’चं संगीतही तिथलंच. व्हायोलिनवाल्यांचा ताफा एका मोठ्या दालनात एकत्र वाजवतो, आवाज हवेत मिसळतो आणि ती मिसळण नंतर संगणकावर हुबेहूब करता येत नाही, म्हणून एवढा खटाटोप. तो सार्थकी लागला, हे कानांना कळतं. मग व्हायोलिनला दालन लागतं हे ज्या चित्रपटसृष्टीला पटतं, तिला हलगी, संबळ आणि सनईला अंगण लागतं हे का पटत नाही? सनईचा आवाज फक्त तोंडाच्या पितळी कर्ण्यातून येत नाही, बोटांखालच्या भोकांमधूनही येतो. कर्ण्यासमोर चार बोटांवर माइक धरला की तिचा नुसता कर्कशपणा हाती लागतो. चार पावलं मागे सरका, तीच सनई गोड होते. पण मागे सरकायला खोलीत जागा हवी.

जुन्या मराठी ध्वनिमुद्रकांना ही जाण होती. परळच्या राजकमल स्टुडिओत मंगेश देसाईंसारखा माणूस बसत असे. त्या पिढीला मोजक्या माइकांवर वादक पुढे-मागे बसवूनच बॅलन्स साधावा लागे. नंतर दुरुस्तीची सोय फारशी नव्हती. आज दुरुस्ती हाच मुख्य धंदा झाला आहे. 1997 साली ऑटोट्यून आलं आणि गळ्याचीही डागडुजी सुरू झाली. लोकगायकाचा स्वर कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसतोच असं नाही. त्याला ओढूनताणून पट्टीवर बसवलं की गायक सुरात येतो आणि गाव निघून जातं.

दुसरी वाट दाखवणारं कामही महाराष्ट्रातच झालेलं आहे. गी पॉइतवँ आणि हेमा राइरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल त्यात आले आणि सुमारे 120 तासांचं ध्वनिमुद्रण झालं. आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर गाणारीच्या नावागावासह या ओव्या ऐकता येतात. यंत्र बाईपर्यंत गेलं, बाईला यंत्रापर्यंत आणलं नाही. अकोले तालुक्यातल्या इंदोरीचे इंदुरीकर महाराज घराघरांत पोचले तेही सीडी आणि यूट्यूबवरच्या भर मंडपातल्या कीर्तनांमुळे. मंडपातल्या मुद्रणांत पखवाज अनेकदा फाटतो, टाळ बाकी सगळं झाकून टाकतात. तरी हशा कुठे पिकला आणि टाळकरी कुठे उसळले, ते ऐकू येतं.

स्टुडिओ वाईट आणि अंगण चांगलं, असा हा हिशेब नाही. मुंबईतल्या आरेच्या जंगलातले आदिवासी गायक प्रकाश भोईर ‘स्वदेसी’ या रॅप गटाच्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये गातात आणि यंत्राचा ठेका त्यांना दाबत नाही, कारण गाणं त्यांच्या आवाजाभोवती रचलेलं आहे. उणीव आहे ती कानाची आणि सबुरीची. वादकाला वाद्य उतरवायला-चढवायला अर्धा तास न देणारा स्टुडिओ कितीही महागडा माइक लावो, संबळ बेसूरच वाजणार.

अकोल्यात गाणी करणाऱ्या तरुणांनी एवढं करून पाहावं: या उन्हाळ्यातल्या बोहाड्याला दोन माइक आणि एक रेकॉर्डर घेऊन जावं, वादकांना एकत्र वाजवू द्यावं, क्लिक बंद ठेवावा. आणि गाणं चढवताना गायकाच्या नावाखाली संबळवाल्याचं व सनईवाल्याचं नाव, त्यांना विचारून, गावासह लिहावं. कॅसेटच्या वेष्टनावर ते सहसा नसायचं.