शिसे की लिथियम? एका तक्त्याची तपासणी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतून आमच्याकडे एक पाकीट आले. आत एका विक्रेत्याने दिलेला एक पानी तक्ता होता. डावीकडे ‘जुनी लेड-ॲसिड बॅटरी’, उजवीकडे ‘नवी लिथियम बॅटरी’ आणि खाली सात ओळी. प्रत्येक ओळीत उजवी बाजू जिंकलेली. सोबत मुख्याध्यापिका बाईंची चिठ्ठी होती: “संगणक कक्षातला इन्व्हर्टर बंद पडला आहे. पालकांनी वर्गणी काढली आहे. पैसे एकदाच मिळणार आहेत. हा तक्ता खरा मानावा का?”

एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे आम्ही या तक्त्याचे करायचे ठरवले. कारण असे तक्ते आज विज्ञानाच्या नावाने शाळेत येतात आणि आपण शिक्षकही फळ्यावर ‘फरक स्पष्ट करा’ म्हणून असेच तक्ते लिहितो. त्यामुळे जे दोष येथे दिसतील, त्यांतले काही आपल्याही घरचे आहेत.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. शिसे-आम्ल संचायक गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केला. एका पट्टीवर शिसे, दुसरीवर शिशाचे डायऑक्साइड, मध्ये विरल गंधकाम्ल. वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. म्हणूनच हायड्रोमीटरने आम्लाची घनता मोजून बॅटरी किती भरली आहे हे सांगता येते. लिथियम-आयन घट बाजारात आला १९९१ मध्ये. त्याचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. येथे मुलांचा एक गैरसमज दूर करावा. पाण्यात टाकल्यावर उसळणारा लिथियम धातू आपण त्यांना सांगितलेला असतो. निरोगी लिथियम-आयन घटात तो धातुरूपात नसतोच. लिथियमचे आयन एका अग्राच्या थरांतून निघून दुसऱ्याच्या थरांत जाऊन बसतात व भारित करताना परत येतात, इतकेच.

आता तक्ता. पहिली ओळ वजनाची: ५५ किलो विरुद्ध १२ किलो. हे आकडे खोटे नाहीत, पण डावीकडची बॅटरी १५० अँपिअर-तासांची आणि उजवीकडची १०० ची आहे. आपण दोन वस्तूंची घनता काढताना आकारमान वेगळे असेल तर मुलाचे गुण कापतो. शिवाय वजनाचे महत्त्व स्कूटरला किंवा मोबाईलला. कोपऱ्यात वर्षानुवर्षे एकाच जागी बसणाऱ्या बॅटरीचे वजन शाळेला काय करायचे आहे? ओळ खरी, पण प्रश्नाशी असंबद्ध.

दुसरी ओळ वापरण्याजोग्या विजेची: शिसे ५० टक्के, लिथियम १०० टक्के. ही ५० टक्क्यांची रेघ निसर्गाने आखलेली नाही. शिशाची बॅटरी जितकी खोलवर रिकामी करावी तितके तिचे आयुष्य घटते, म्हणून केलेली ती तडजोड आहे. अडचणीच्या दिवशी ७० टक्के वापरली तर बॅटरी मरत नाही. मात्र या ओळीत एक गंमत आहे. विक्रेत्याने आपला सर्वांत चांगला मुद्दा येथेच सोडून दिला आहे. घरगुती बॅटरीवर लिहिलेले १५० अँपिअर-तास बहुधा वीस तासांच्या हिशेबाने असतात, म्हणजे ७.५ अँपिअरच्या सावकाश प्रवाहाला. या शाळेचा भार चार संगणक, दोन पंखे आणि दिवे मिळून सुमारे ४०० वॅट. बारा व्होल्टला त्याचे ३३ अँपिअर होतात आणि इन्व्हर्टरमधली तूट धरली तर ४० च्या आसपास. इतक्या वेगाने ओढल्यावर शिशाची बॅटरी १५० देतच नाही, अंदाजे १०० ते १२० वर दमते. हा नियम पॉयकर्ट यांनी १८९७ मध्येच मांडला होता. लिथियमच्या घटात ही घट फारच थोडी असते. तक्ता करणाऱ्याला आपल्या मालाचा गुण ठाऊक नव्हता, केवळ घोषणा ठाऊक होती.

तिसरी ओळ आवर्तनांची: ५०० विरुद्ध ३०००. येथे आमचा आक्षेप गंभीर आहे. समजा, गावात आठवड्यातून दोनदा मोठा वेळ वीज जाते. वर्षाला शंभर आवर्तने. मग ३००० आवर्तने म्हणजे तीस वर्षे! लिथियम-आयन घटांचे व्यापारी आयुष्यच अजून चाळिशीला पोचलेले नाही. इन्व्हर्टरला लागणारा लोह-फॉस्फेट प्रकार तर त्याहून तरुण आहे, त्यावरील पाडी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांचा मूळ निबंध १९९७ चा. बॅटरी वापरामुळे झिजते तशी नुसत्या काळामुळे आणि उष्णतेमुळेही झिजते. तक्त्यातील आकडे साधारण २५ अंश तापमानाचे असतात. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ते लागू होत नाहीत, आणि हे दोन्ही रकान्यांबद्दल खरे आहे. आवर्तनांचा आकडा जेथे रोज भारनियमन होते तेथे मोलाचा. जेथे वीज क्वचित जाते तेथे बॅटरी आवर्तने संपण्याच्या आतच म्हातारी होते.

चौथी ओळ खर्चाची. तीत किंमत भागिले आवर्तने असे गणित करून लिथियम चौपट स्वस्त ठरवले आहे. तिसरी ओळ डळमळली की ही आपोआप कोसळते. त्याऐवजी वर्षाचा हिशेब करावा. समजा, शिशाची बॅटरी १८,००० रुपयांना आणि लिथियमची ३६,००० ला मिळते. पहिली चार वर्षे आणि दुसरी दहा वर्षे टिकली, तर वर्षाला ४,५०० आणि ३,६०० रुपये, म्हणजे लिथियम स्वस्त. पण चांगली निगा राखून शिशाची सहा वर्षे टिकली, तर वर्षाला ३,००० आणि पारडे फिरले. शिवाय जुन्या शिशाचे भंगारात पैसे येतात. आपापल्या गावचे भाव घालून आठवीच्या मुलांकडून हे गणित करून घ्यावे. उत्तर भावापेक्षा ‘किती वर्षे टिकेल’ यावर अधिक हलते, हे त्यांच्याच लक्षात येईल.

पाचवी ओळ: ‘देखभाल शून्य’. ही वाचून आम्ही प्रथम हसलो आणि नंतर खजील झालो. शाळेत चौकशी केली तेव्हा कळले की बॅटरीत पाणी घालण्याचे काम कोणाकडेच नेमून दिलेले नव्हते. पातळी खाली गेलेली दिसली तेव्हा कोणीतरी ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी ओतले. त्यातील क्षारांनी पट्ट्यांचे नुकसान केले. पुढे मे महिन्यात मुख्य बटण बंद करून सगळे घरी गेले. अर्धवट रिकामी बॅटरी सहा आठवडे तशीच पडून राहिली आणि लेड सल्फेटचे बारीक स्फटिक मोठे व टणक होऊन बसले. असे स्फटिक पुन्हा भारित करताना सहजासहजी विरघळत नाहीत. म्हणजे ती बॅटरी जुन्या तंत्रामुळे नव्हे, आपल्या सुट्टीमुळे गेली. जेथे निगा राखणारा माणूस नाही, तेथे ही ओळ तक्त्यातली सर्वांत वजनदार ओळ आहे. मात्र ‘शून्य’ हा शब्द चूक. शिशाची बॅटरी सुट्टीत पूर्ण भरून ठेवावी लागते. लिथियमची उलट, अर्धी भरलेली आणि थंड जागी असलेली बरी. नियम बदलतो, नाहीसा होत नाही.

सहावी ओळ: ‘जुनी काढा, नवी बसवा’. हे शक्य वाटते ते एका योगायोगामुळे. शिशाचे दोन व्होल्टचे सहा घट मिळून १२ व्होल्ट. लोह-फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे चार घट मिळून १२.८. इन्व्हर्टर भारित करताना १४.४ व्होल्ट देतो, तेव्हा शिशाच्या घटाला २.४ आणि लिथियमच्या घटाला ३.६ मिळतात. दोन्ही आपापल्या मर्यादेत. पण योगायोग म्हणजे मैत्री नव्हे. काही इन्व्हर्टर टणक सल्फेट फोडण्यासाठी अधूनमधून १५ व्होल्टच्या वर जातात. लिथियमच्या घटाची मर्यादा ३.६५ च्या आसपास असल्याने त्यातील संरक्षक मंडल अशा वेळी बॅटरीच तोडून टाकते. दुसरे असे की इन्व्हर्टरचे दिवे विभवांतर पाहून ‘किती उरली’ ते सांगतात. शिशाचे विभवांतर हळूहळू उतरते. लोह-फॉस्फेटचे बहुतेक काळ एका पातळीवर राहते आणि शेवटी एकदम कोसळते. परिणामी दिवे ‘भरलेली’ दाखवत असताना खोली अंधारते. तिसरे, संरक्षक मंडलाची प्रवाहाची मर्यादा ५० अँपिअर असेल आणि भार हजार वॅटचा, तर बारा व्होल्टला तो ऐंशीहून अधिक अँपिअर मागतो आणि बॅटरी भरलेली असूनही काम थांबते. आणि जुनी शिशाची व नवी लिथियमची बॅटरी एकमेकींना जोडून ‘दोन्हींचा उपयोग’ करण्याचा मोह तर मुळीच धरू नये. इन्व्हर्टरवर लिथियमची स्वतंत्र सोय नसेल तर तोही बदलावा लागेल, आणि त्याची किंमत तक्त्यात नाही.

सातवी ओळ एकाच शब्दाची: ‘सुरक्षित’. शिशाची बॅटरी निरुपद्रवी नाही हे खरे. ती भारित होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. आम्लाची भीती वेगळीच. पण नुसते ‘लिथियम’ म्हणून सुरक्षितता सांगणे म्हणजे नुसते ‘साप’ म्हणून विषारीपणा सांगण्यासारखे आहे. निकेल-कोबाल्ट असलेले प्रकार तापले की त्यांतून प्राणवायू सुटतो आणि आग स्वतःला पोसते. लोह-फॉस्फेटमध्ये प्राणवायू फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून तो प्रकार पुष्कळ सौम्य. तरीही त्याच्या आतील द्रव ज्वलनशीलच असतो. दक्षिण कोरियात ऑक्टोबर २०२२ मध्ये एका संगणक केंद्रातील लिथियम बॅटऱ्यांना आग लागून कोट्यवधी लोकांची संदेशसेवा ठप्प झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच देशात देजॉन येथील सरकारी केंद्रात बॅकअपच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली आणि सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. तेथे तज्ज्ञ होते, यंत्रणा होती. आपल्याकडे बॅटरी दप्तरांच्या कपाटाशेजारी असते. म्हणून रकान्यात हवे होते ते ‘कोणते लिथियम, कोणते संरक्षक मंडल, कोठे ठेवणार’ हे तीन प्रश्न.

तक्त्यात जी आठवी ओळ नाही, ती आमच्या मते सर्वांत मोठी: जुनीचे काय होणार? शिसे ३२७ अंशांनाच वितळते. हा गुण वरदान आहे, कारण त्यामुळे जुन्या बॅटरीतले जवळजवळ सगळे शिसे परत मिळते. तोच गुण शापही आहे, कारण वस्तीतल्या साध्या भट्टीतही ते वितळवता येते आणि धूर व राख मुलांच्या अंगणात पडते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आहे आणि बॅटऱ्यांची बेकायदा वितळण ही त्याच्या प्रमुख कारणांतील एक आहे. आपल्याकडे २००१ पासून जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचे नियम आहेत. २०२२ च्या नव्या नियमांत लिथियमसह सर्व प्रकार आले. तरी दारावर जास्त भाव देणारा दिसला की नियम विसरला जातो. लिथियम लोह-फॉस्फेटची अडचण उलटी: त्यातील लोह आणि फॉस्फरस स्वस्त, त्यामुळे भंगारवाल्याला तिच्यात रसच नाही. एक बॅटरी लोभामुळे धोक्याची, दुसरी अनास्थेमुळे.

तर या तक्त्याला गुण किती? एकही ओळ निव्वळ खोटी नाही आणि तरीही तक्ता विश्वासार्ह नाही. त्याने वस्तूंची तुलना केली, परिस्थितीची केली नाही. ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नाला आपण अशीच उत्तरे पाठ करून घेत आलो आहोत. ‘कोणासाठी, कोठे, किती वेळ’ हे आपण विचारत नाही, मग विक्रेत्याने तरी का सांगावे?

बाईंना आम्ही लगेच उत्तर दिले नाही. नववीच्या मुलांनी एक वही घालून दोन महिने वीज गेल्याची आणि आल्याची वेळ लिहावी, एवढेच सुचवले. वहीत दिसले की शाळेच्या वेळात जवळजवळ रोज तास-दीड तास वीज जाते. पाण्याची जबाबदारी घ्यायला मात्र अजूनही कोणी पुढे आले नव्हते. या दोन गोष्टी कळल्यावर आम्ही लिथियमच्या बाजूने कौल दिला: लोह-फॉस्फेटचीच, तिला साजेशा इन्व्हर्टरसह, वर्गाबाहेरच्या हवेशीर जागी. जुनी बॅटरी अधिकृत विक्रेत्याला देऊन त्याची पावती फाइलला लावावी, हेही लिहिले. बाईंचे उत्तर आले: दारावरच्या माणसाने नऊशे रुपये जास्त देऊ केले होते, ते नाकारले, आणि पावती मुलांना दाखवली.

शेजारच्या गावात वीज महिन्यातून दोनदा जात असेल आणि पाणी घालणारा दक्ष माणूस असेल, तर तेथे आम्ही शिशाचीच बॅटरी सुचवू. तक्ता तोच राहील, उत्तर बदलेल. तेव्हा असा तक्ता आपल्या शाळेत आला, तर तो फळ्यावर उतरवून घ्यावा आणि आठवी ओळ मुलांकडून भरून घ्यावी.