कोणाचा आत्मा, कोणाची सुविधा?

साहित्याच्या समीक्षकाने शासकीय कागद वाचू नयेत असा एक संकेत आपल्याकडे आहे. तो मोडावयास हवा. 2016 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ‘श्यामाप्रसाद मुखर्जी रुर्बन मिशन’ सुरू केले. देशात 300 ग्रामसमूह निवडावयाचे. रस्ते, दिवे, गटारे, गोदामे, कौशल्य-प्रशिक्षण यांतून तेथील धंदा वाढवावयाचा. आणि इतर योजनांचा पैसा अपुरा पडेल तेथे मैदानी समूहाला 30 कोटींपर्यंत, डोंगरी व आदिवासी समूहाला 15 कोटींपर्यंत पूरक निधी द्यावयाचा. मिशन आता बंद झाले आहे. त्याची भाषा मात्र चालूच आहे.

आत्मा गावाचा, सुविधा शहराची, हे या कल्पनेचे ब्रीद. ग्रामीण समाजजीवनाचे सत्त्व जपावयाचे, असे मिशनचे ध्येयवाक्य सांगते. त्याच वाक्यात समता आणि समावेशकताही आहेत, हे नमूद केले पाहिजे. पण ही दोन्ही एका वाक्यात मावली कशी? 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी समाधान व्यक्त केले होते ते यासाठी, की घटनेच्या मसुद्याने गाव टाकून व्यक्ती हा घटक मानला. ज्याचा त्याग झाला त्याचाच आत्मा आता सरकारी खर्चाने जपावयाचा!

हा आत्मा आठवडी बाजारात दिसतो. आडत, भुसार, कापड पक्क्या गाळ्यांत. गटईवाला झाडाखाली. बुरडाच्या टोपल्या आणि सुपे कडेला. केरसुण्या घेऊन बसलेली मातंग बाई त्याच्याही पलीकडे, उकिरड्याशेजारी. हा नकाशा कोणी काढलेला नाही, तरी तो चुकत नाही.

महाराष्ट्र शासन गटई कामगाराला शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल देते. चांगली गोष्ट आहे. अट एवढीच, की जागा स्वतःची तरी हवी, नाही तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेने अधिकृतपणे दिलेली हवी. म्हणजे स्टॉल फुकट आणि जागा गावाच्या मर्जीवर. चौकाच्या सुशोभीकरणाला पैसा आला की ज्याच्याजवळ कागद नाही तोच प्रथम उठतो. 2014 चा पथविक्रेता कायदा सर्वेक्षण होईपर्यंत कोणाला उठवू देत नाही. पण तो शहरांसाठी, नगरपालिका-नगरपंचायतींच्या हद्दीसाठी आहे. ग्रामपंचायतीच्या बाजारगावाला तो लागू नाही, आणि रुर्बनचे समूह प्रामुख्याने अशाच गावांचे!

17 सप्टेंबर 2023 ला आलेली पीएम विश्वकर्मा योजना तर स्पष्टच बोलते. कुटुंबाधारित पारंपरिक कौशल्य आणि गुरु-शिष्य परंपरा बळकट करणे, हे तिचे घोषित उद्दिष्ट. 18 व्यवसाय; अवजारांसाठी 15,000 रुपये; 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाख कर्ज. कर्ज वाईट नाही. हातात कला असलेल्या माणसाने ते जरूर घ्यावे, त्यात कमीपणा नाही. पण यादीत चर्मकार आहे, टोपल्या-केरसुण्या करणारा आहे; चर्मकाराच्या मुलाने मोबाइल दुरुस्तीचे दुकान मागितले तर ते यादीत नाही. कनिष्ठ गाववतने 1958 च्या कायद्याने गेली. बापाचा धंदा मुलाने चालवावा ही अपेक्षा मात्र आता अनुदान घेऊन परत आली आहे.

आपल्या आत्मकथनांत बाजार पुष्कळ आला. गाळ्यांचा लिलाव फारसा आला नाही. अनामत किती, बोली कोणी लावली, राखीव गाळा कोणाच्या नावावर आणि आत प्रत्यक्षात बसतो कोण, हे सारे ग्रामपंचायतीच्या ठरावपुस्तकात सापडते. माहिती अधिकाराचा एक अर्ज करून ते मागवता येते.