पळापळीची गोष्ट आणि पावलांचे ठसे

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात, विंटन गावाजवळ, लार्क क्वॉरी ही जागा आहे. तेथे खडकाच्या एका थरावर डायनोसॉरच्या पावलांचे सुमारे ३,३०० ठसे आहेत. त्यांचे वय साडेनऊ कोटी वर्षांच्या आसपास. मुलांच्या पुस्तकांत यांची गोष्ट ठरलेली असते: पाणवठ्यावर एक मोठा मांसाहारी डायनोसॉर आला आणि दीडएकशे लहान डायनोसॉर जीव घेऊन पळत सुटले.

ही मांडणी थलबॉर्न व वेड यांनी १९८४ साली सविस्तर केली. तिच्यामागे कसून घेतलेली मोजमापे होती. लहान ठसे एकाच दिशेला जातात आणि त्यांतील अंतर पावलांच्या मानाने बरेच आहे. पुस्तके मात्र मोजमापे गाळून गोष्टच तेवढी सांगतात. माझा आक्षेप इथे आहे.

२०११ साली रोमिलिओ व सॅलिसबरी यांनी मोठ्या ठशांचा आकार पुन्हा तपासला. त्यांच्या मते तो प्राणी शाकाहारी होता. २०१३ साली त्यांनी व एका सहकाऱ्याने आणखी एक मुद्दा मांडला: अनेक लहान ठसे म्हणजे बोटांच्या टोकांचे लांबट ओरखडे आहेत. प्राणी पाण्यात तरंगत, अधूनमधून तळाला बोटे टेकवत पुढे गेले असावेत. थलबॉर्न यांना हे मान्य झाले नाही. त्यांनीही लेखी उत्तर दिले.

हा फरक किरकोळ नाही. ठशांवरून वेग काढण्याचे सूत्र अलेक्झांडर यांनी १९७६ साली दिले. त्यासाठी पायाची उंची लागते आणि ती सहसा ठशाच्या लांबीच्या चौपट धरतात. केवळ बोटेच उमटली असतील, तर लांबी कमी भरते, उंचीही कमी येते आणि वेग फुगतो. प्राणी पोहत असेल, तर सूत्र लागूच पडत नाही.

दिशा, अंतर आणि आकार ही निरीक्षणे. धावणे हा अनुमानाचा पहिला टप्पा, भीती हा त्यापुढचा. पाठ्यपुस्तकाने हे टप्पे वेगळे दाखवले पाहिजेत. तोवर शिक्षकांना एक प्रयोग करता येईल. शाळेच्या आवारात ओल्या मातीवर आणि मग पातळ चिखलात मुलांना चालायला व पळायला लावा. ज्यांनी ते पाहिलेले नाही, अशा मुलांकडून ठसे मोजून घ्या. कोण पळाले हे त्यांना किती वेळा बरोबर सांगता येते, ते फळ्यावर लिहा. लार्क क्वॉरीची गोष्ट त्यानंतर सांगा, आणि दोन्ही बाजूंनी सांगा.