सचिवालय आणि मंत्रालय : एका नामांतराची चिकित्सा

मुंबईतील राज्यशासनाच्या परिसराचा इतिहास बहुधा वास्तूंच्या क्रमाने सांगितला जातो. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत (१८६२–६७) कोटाचे तट पाडण्यास आरंभ झाला. त्यामुळे मोकळ्या झालेल्या पश्चिमेकडील पट्ट्यात हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स याने आखलेली सचिवालयाची गॉथिक वास्तू १८७४ मध्ये पूर्ण झाली. बॅकबेच्या भरावावर १९५५ मध्ये नवे सचिवालय उभे राहिले. आणि एके काळी खलाशांच्या निवासासाठी बांधलेल्या इमारतीत भरणारे विधिमंडळ १९८१ मध्ये नरिमन पॉइंट येथील विधानभवनात गेले. हा क्रम बिनचूक आहे, परंतु अपुरा आहे. या परिसरातील सर्वांत बोलका फेरफार दगडविटांत झालाच नाही. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९७५ मध्ये, 'सचिवालया'चे 'मंत्रालय' झाले.

स्थलनामांची सामान्य प्रवृत्ती याच्या उलट आहे. वस्तू जाते आणि नाव राहते. कोटाची वेस जाऊन दीड शतक लोटले, तरी 'चर्चगेट' राहिले. तट नाहीत, तरी 'फोर्ट' आहे. येथे मात्र वास्तू तीच राहिली आणि नाव तेवढे बदलले. अभिप्राय उघड होता : हे घर सचिवांचे नव्हे, लोकांनी निवडून दिलेल्या मंत्र्यांचे. (लोकप्रतिनिधींच्या गौरवाचे हे वर्ष आणीबाणीचेही वर्ष ठरावे, हा योगायोग इतिहासकारांकडे सोपविणे बरे.)

या अभिप्रायामागे 'सचिव' म्हणजे सेवक आणि 'मंत्री' म्हणजे स्वामी, असे गृहीत आहे. शब्दांचा इतिहास या गृहीताला फारसा आधार देत नाही. 'सचिव' या शब्दाचा मूळ अर्थ सहचर, साहाय्यकर्ता. अमरकोशात मंत्री, धीसचिव आणि अमात्य हे पर्याय म्हणून येतात. त्यांहून वेगळे ते कर्मसचिव. म्हणजे सल्ला देणारा आणि काम तडीस नेणारा हा भेद कोशकाराने ओळखला होता, पण तो त्याने 'सचिव' या एकाच शब्दाच्या पोटात ठेवला. शिवकालात फारसी पदनामांना संस्कृत पर्याय योजताना सुरनिसाला 'सचिव' आणि वाकनिसाला 'मंत्री' म्हटले गेले. दोघेही अष्टप्रधानांत होते. एक दुसऱ्याचा हाताखालचा नव्हता. 'सचिव' या शब्दाला आजची पायरी मिळाली ती 'सेक्रेटरी' या इंग्रजी पदाचा प्रतिशब्द म्हणून वापरला गेल्यावर. तेव्हा १९७५ चे नामांतर संस्कृत शब्दाविरुद्ध दिसत असले, तरी त्याचा खरा रोख शब्दाच्या अंगावर चढलेल्या इंग्रजी अर्थाविरुद्ध होता. शब्द बदलला, अर्थाची उतरंड मात्र तशीच राहिली. किंबहुना नामांतराने ती अधिकृत केली.

या नामांतराची खरी कसोटी पाटीवर नव्हे, कागदावर लागते. संविधानाच्या अनुच्छेद १६६ नुसार शासनाचे आदेश राज्यपालांच्या नावाने निघतात आणि ते अधिप्रमाणित करतात सचिव, उपसचिव, अवर सचिव अथवा कक्ष अधिकारी. त्यामुळे शासन निर्णयाच्या शिरोभागी 'मंत्रालय, मुंबई' असते आणि तळाशी सही असते ती अधिकाऱ्याची. मंत्र्याचा निर्णय नस्तीत असतो. बाहेर पडणाऱ्या कागदावर त्याचे नाव क्वचितच दिसते. आपल्या अर्जाचे काय झाले हे शोधणाऱ्या नागरिकाला म्हणूनच मंत्रालयात जाऊनही शेवटी कार्यासनच गाठावे लागते. निर्णयाची जबाबदारी कोणाची, हे नव्या नावाने सांगितले खरे. कागदाच्या भाषेने ते झाकूनच ठेवले. राजभाषा अधिनियम १९६४ मध्ये झाला आणि प्रशासनात मराठी आली, पण तिची कर्मणी वाक्यरचना – 'निर्णय घेण्यात आला आहे', 'मान्यता देण्यात येत आहे' – कर्त्याला वाक्याबाहेर ठेवते. इमारतीचे नाव बदलण्यापेक्षा ही क्रियापदे बदलणे अधिक मोलाचे ठरले असते.

जुना शब्द पूर्णपणे गेलाही नाही. विधिमंडळाचे कार्यालय 'महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय' म्हणूनच ओळखले जाते, आणि ओव्हलसमोरची गॉथिक वास्तू, तेथे आता न्यायालये भरत असूनही, 'जुने सचिवालय'च आहे. उलट नव्या शब्दाला मराठीत दुहेरी अर्थ प्राप्त झाला. केंद्राच्या संदर्भात 'गृह मंत्रालय' ही संस्था असते; राज्याच्या संदर्भात संस्था 'गृह विभाग' आणि 'मंत्रालय' हे तिचे ठिकाण. 'मंत्रालयाने कळविले' या वाक्यात मुंबई बोलते आहे की दिल्ली, हे पुष्कळदा संदर्भावाचून कळत नाही. मराठी कोशांनी या शब्दाखाली दोन स्वतंत्र अर्थ नोंदविणे आवश्यक आहे.