संघटना-अभ्यास व समकालीन यूरोपीय तत्त्वज्ञान

कार्यालय, कारखाना, शिक्षणसंस्था इ. संघटनांमधील सत्ता, नियम आणि व्यक्ती यांच्या संबंधांचा मुख्यतः फ्रेंच तत्त्ववेत्त्यांच्या संकल्पनांच्या आधारे केलेला चिकित्सक विचार. व्यवस्थापनशास्त्र संघटनेस ठरावीक उद्दिष्टांचे साधन मानते. संघटनेत माणूस कसा घडविला जातो, हा या विचारसरणीचा मुख्य प्रश्न आहे. रॉबर्ट कूपर व गिब्सन बरेल या ब्रिटिश अभ्यासकांच्या १९८८ पासूनच्या लेखमालेने तिला चालना मिळाली.

या विचारसरणीवर मीशेल फूको (१९२६–८४) याचा प्रभाव विशेष आहे. शिस्त व शिक्षा यांवरील आपल्या ग्रंथात (१९७५) त्याने जेरेमी बेंथॅमच्या नियोजित कारागृहाचे विवेचन केले. आपल्यावर कोणाची नजर आहे की नाही, हे तेथील कैद्यास कळत नाही. म्हणून तो स्वतःच स्वतःवर पहारा ठेवू लागतो. हजेरीपट, गुणपत्रके, कामाचे मोजमाप यांचे कार्य अभ्यासकांनी याच नमुन्यावरून उलगडून दाखविले. तथापि त्यामुळे प्रत्येक संघटनेत कारागृहच पाहण्याची प्रवृत्ती बळावली. पुण्यातील संस्थांच्या इतिहासावरून या दृष्टीची मर्यादा स्पष्ट होते.

डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना पुण्यात १८८४ मध्ये झाली. तिच्या संस्थापकांपुढे जेझुइट पंथीयांचा आदर्श होता. आजीव सदस्य दरमहा ७५ रु. वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे वचन देत आणि संस्थेचा कारभारही तेच पाहत. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या सदस्यांना सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. येथे पहारेकरी व कैदी असे दोन पक्ष नाहीत. शिस्त पाळणाराच ती पतकरतो. फूकोने अखेरच्या काळात केलेले आत्मसंस्काराचे विवेचन अशा संस्थांना अधिक लागू पडते.

मात्र वचनाचा अर्थ कोणी ठरवावा, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही. आजीव सदस्यांनी बाहेरचे उत्पन्न घ्यावे की नाही, यावरून आणि इतर मतभेदांमुळे बाळ गंगाधर टिळक यांनी १८९० मध्ये राजीनामा दिला. टिळकांच्या दृष्टीने असे उत्पन्न घेणे हा मूळ ध्येयाचा भंग होता. विरोधकांच्या मते संस्थेचे काम पार पडल्यावर उरलेला वेळ सदस्याचा होता. वचन तेच, पण त्यातून दोन कर्तव्ये निष्पन्न झाली. नियमातून निर्णय यंत्रवत निघत नाही, तो अर्थ लावणाऱ्यास आपल्या जबाबदारीवर घ्यावा लागतो, हे झाक देरिदा (१९३०–२००४) याचे प्रतिपादन येथे उपयुक्त ठरते.

दोन्ही विवेचनांत एक उणीव राहते. प्रारंभीचे आजीव सदस्य बहुतेक ब्राह्मण पुरुष होते. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावरील सरकारी खर्चावर टीका करून बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. त्याग करण्यासाठी त्याजण्याजोगे काही हाती असावे लागते. ज्यांना शिक्षणच मिळाले नव्हते, त्यांच्यापुढे असे वचन देण्याचा प्रश्नच आला नाही. संघटनेच्या अंतर्गत शिस्तीचे विश्लेषण कितीही सूक्ष्म असले, तरी तिच्या दाराबाहेर राहिलेल्यांची नोंद त्यात होत नाही.

एकंदरीत, दैनंदिन व्यवहारात दडलेली सत्ता दाखविण्यास हे तत्त्वज्ञान उपयोगी आहे. मात्र पुण्यातील संस्थांच्या बाबतीत वचन, ध्येयनिष्ठा व जातिव्यवस्था यांची दखल घेतल्याखेरीज त्याचे निष्कर्ष अपुरे ठरतात.